नव्वदच्या पुढची थरथर

काटा नव्वदवर गेला आणि जॅनीनच्या हातातलं स्टिअरिंग थरथरायला लागलं.

आधी तिला वाटलं, रस्ताच खराब असेल. पण विराबिल गावाकडे जाणारा तो डांबरी रस्ता गेल्याच वर्षी नवा केलेला, ना खड्डा ना उंचवटा. तिनं पाय सैल सोडला. ऐंशीला स्टिअरिंग गप्प झालं. पुन्हा दाबला, तर नव्वदला परत सुरू. आधी बोटांत, मग मनगटात, मग पार कोपरापर्यंत. तिनं एक हात उचलून डोळ्यांसमोर धरला. हात जागच्या जागी होता. आणि रिकामं स्टिअरिंग आपलं आपण थडथडत होतं.

"अगं बाई," ती मोठ्यानं म्हणाली.

गाडी तिची नव्हती. तिच्या बापाची होती. पुढे दोन माणसांची जागा, मागे उघडा हौदा, हौद्यात तारेचं भेंडोळं आणि कुत्र्याचे केस, अशी आमच्याकडे प्रत्येक मेंढपाळाकडे असते तशी जुनी यूट. ती यूट विकायला जॅनीन गावात चालली होती. कारण बाप, म्हणजे नेव्हिल प्रायर, वय अठ्ठ्याहत्तर, आता गाडी चालवणार नव्हता. येत्या शुक्रवारी तो लायसन्स परत करणार होता आणि शनिवारी कॅरॅडेलच्या वृद्धाश्रमातल्या खोलीत राहायला जाणार होता. गावापासून पन्नास किलोमीटर आत, मेंढ्यांच्या रानात एकट्यानं राहायचं तर गाडी लागते. गाडी नाही तर दूध नाही, ब्रेड नाही, माणसाचं तोंडही नाही. आणि गाडी बंद का? तर स्टिअरिंगवर त्याचे हात थरथरतात म्हणून.

हात थरथरतात हे डॉक्टरला कुणी सांगितलं? जॅनीननं.

तिनं यूट रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद करून बसून राहिली.

आता हे सगळं कसं सुरू झालं ते सांगितलं पाहिजे. आमच्याकडे लांबच्या रस्त्यांवर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, अशी रीत आहे. फार नाही, एकच बोट, आणि तेही जरासंच. ओळख असो नसो. बोट उचललं नाही तर समजायचं, एक तर हा शहरातला पाहुणा आहे, नाही तर आपल्यावर रागावलाय. बोट उचलायचं ते गाडी चालवणाऱ्यानं. बाजूला बसलेल्यानं कधी उचलायचं नसतं. उचलणारा येडा दिसतो.

नेव्हिल म्हाताऱ्याचं बोट तर ठरलेलं. लोक म्हणायचे, नेव्हच्या गाडीवर कबुतर बसलं तरी तो त्याला बोट दाखवेल. आणि हाच नेव्ह या हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडे जून-जुलैत, बोट उचलेनासा झाला. लोक औषधाच्या दुकानात येऊन जॅनीनकडे कुरकुर करायला लागले. ती त्या दुकानात गल्ल्यामागे उभी असते, म्हणजे सगळ्या गावाचं ऐकण्याची नोकरीच तिची.

"तुझ्या बापाचं आमच्यावर काय बिनसलंय गं? परवा समोरून गेला, ढिम्म हलला नाही."

मग एका रविवारी जॅनीन त्याच्या शेजारी बसून गेली आणि तिनं पाहिलं. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून धरलं होतं, पेरं पांढरी पडली होती, आणि हात नुसते थडथड उडत होते. समोरून शेजाऱ्याची गाडी आली, तिकडून बोट उठलं, याचं काही उठेना.

"बाबा, तुझे हात बघ."

"म्हातारे झालेत," तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला.

बास. कुणाही शेंबड्या पोरानं विचारलं असतं, की अहो, हात म्हातारे झाले तर घरात बसल्यावर का नाही उडत? पण जॅनीन औषधांच्या दुकानातली. अर्धं आयुष्य तिनं खोक्यातले कागद वाचण्यात घालवलेलं. कुणी शिंकलं की तिच्या डोळ्यांपुढे तीन रोग उभे राहतात. तिला गाडी दिसलीच नाही, फक्त हात दिसले.

आणि म्हाताऱ्याला तरी का कळलं नाही? जन्मभर स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करणारा माणूस. त्याचं असं झालं, की पावसाआधी तपासणीला गेला तेव्हा डॉक्टर सहज म्हणाला होता, कप धरताना तुमची बोटं जराशी हलतात, वयानं होतं असं, काही काळजी नाही. ते "काळजी नाही" म्हातारा विसरला. "हलतात" तेवढं धरून बसला. स्टिअरिंग हललं तेव्हा त्यानं मनात म्हटलं, झालं, आलं. गॅरेजात दाखवायचीही त्याला भीती. गाडीत काही सापडलं नाही तर दोष हातांचाच ठरणार, आणि तो संध्याकाळपर्यंत गावभर होणार. म्हणून तो गप्प राहिला, दोन्ही हातांनी आवळून धरत राहिला.

डॉक्टरला जॅनीननं हातांचं सांगितलं, बोटाचं सांगितलं. आणखीही एक गोष्ट सांगितली होती, ती पुढे येईलच.

तर जॅनीन गाडी विकायला गेलीच नाही. ती सरळ कर्लीच्या गॅरेजात गेली. कर्ली म्हणजे कुरळ्या. त्याच्या डोक्यावर औषधालाही केस नाही, म्हणून गावानं त्याला हे नाव ठेवलंय. तोंड मात्र अखंड चालू.

"काय गं, निघालीस वाटतं म्हाताऱ्याच्या लाडकीला विकायला?"

"कर्ली, जरा चालवून बघ ना. नव्वदला स्टिअरिंग हलतंय."

"शॉकअप गेलेत," हातातलं सँडविच खाली न ठेवता कर्ली म्हणाला. "तू आत आलीस तेव्हाच आवाजावरून कळलं मला."

"तू बसलाही नाहीस अजून गाडीत!"

"डॉक्टर काय पेशंटला चावून बघतो का?" असं म्हणत सँडविच संपवून तो बसला एकदाचा. जॅनीन शेजारी. गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर त्यानं काटा नव्वदच्या पुढे नेला आणि स्टिअरिंग उडायला लागलं तसा त्याचा चेहरा खुलला.

"वा! छान हलतंय की. आता बघ, तुझी सीट हलतेय का?"

"नाही."

"नाही ना? सीट हलली असती तर मागची चाकं. हात हलतोय म्हणजे पुढची." त्यानं हळूहळू ब्रेक दाबला. थरथर वाढली नाही, कमीही झाली नाही. नुसती वेग उतरला तशी विझली. "ब्रेकची चकती वाकडी असती तर ब्रेक लावल्यावर बया जास्त नाचली असती. तसं नाही. वेगाबरोबर येते, वेगाबरोबर जाते. चाकाला एका बाजूला वजन जास्त झालंय."

"मग शॉकअप?"

"शॉकअपचं नाव कोण काढतंय?" कर्ली शांतपणे म्हणाला.

गॅरेजात येऊन त्यानं गाडी वर उचलली, उजवं पुढचं चाक काढलं आणि उलटं करून जॅनीनसमोर धरलं. बाहेरून रिम स्वच्छ होती. आतल्या बाजूला, अर्ध्या गोलाला, बोटभर जाड राखाडी चिखल बसला होता. उन्हानं आणि ब्रेकच्या उष्णतेनं भाजून पार विटेसारखा झालेला. कर्लीनं स्क्रू-ड्रायव्हर लावून हातोडी मारली, तसं एक मोठं ढेकूळ ठण्णकन फरशीवर पडलं.

"ही घे तुझ्या बापाची थरथर," तो म्हणाला. "दुसऱ्या चाकातही असणार थोडी. बाहेरून बघ कशी चकाचक. कुणीतरी पाइप मारून दिसेल तेवढंच धुतलंय, आत हातच घातलेला नाही. चिखल ओला असता तर पाच मिनिटांचं काम होतं."

मग त्यानं ढेकूळ उचललं, बोटांनी चुरून बघितलं, आणि त्याची जीभ पहिल्यांदाच जरा अडखळली.

"ही माती तर राखाडी आहे गं. आपल्याकडे सगळी लाल. राखाडी चिखल फक्त पेलिकन तळ्याच्या रस्त्याला." त्यानं मान हलवली. "म्हणजे खरंच नेव्हनं तो रस्ता फाडला. मी सगळ्यांशी भांडत होतो, नेव्ह मेला तरी बंद रस्त्यावर गाडी घालणार नाही म्हणून. हरलो म्हणायचं."

जॅनीन ढेकळाकडे बघत उभी राहिली.

आमच्याकडचे कच्चे रस्ते पावसात बंद होतात. फळी लावतात, "रस्ता बंद". त्या मातीत पाणी मुरलं की तिचा शिरा होतो. त्यावरून गाडी गेली की गुडघाभर चाकोऱ्या पडतात, आणि वर ऊन आलं की त्या चाकोऱ्या दगड होऊन बसतात. मग रस्ता सपाट करणारं मशीन येईपर्यंत महिना-दोन महिने सगळ्यांच्या गाड्या मोडतात, शाळेची बस बंद, आजारी माणसाला लांबून वळसा. म्हणून ओल्या रस्त्यावर गाडी घालणारा आमच्याकडे चोरापेक्षा वाईट. चोर एकाचं नेतो, हा सगळ्यांचं नेतो.

जूनमधल्या त्या पावसात फळीला वळसा घालून गेली होती ती जॅनीन.

म्हाताऱ्याला ताप होता, म्हणून ती चार दिवस रानातल्या घरी राहायला आली होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, तुझं औषध आणते, आणि त्याची यूट घेऊन निघाली. औषध वगैरे काही नव्हतं. ते तिच्या पिशवीत आधीपासून होतं. ती निघाली होती कॅरॅडेलला, वृद्धाश्रमातली खोली बघायला. बापाला न सांगता. लांबच्या रस्त्यानं गेलं तर परत यायला अंधार पडणार, बाप विचारणार. तळ्याचा रस्ता निम्मा. फळी होती, पण ऊन पडलं होतं, आणि तिला वाटलं, एवढ्यानं काय होतंय.

गाडी रुतली, निघाली, पुन्हा रुतली. कशीबशी पार झाली. घरी आल्यावर बाप झोपला होता. तिनं पाइप लावून गाडी धुतली. घाईघाईनं, दिसेल तेवढी. त्यानंतर पाऊस आलाच नाही.

चार दिवसांनी गावात बोंब झाली, तळ्याचा रस्ता कुणी फाडला? आणि आठवडाभरानं बातमी आली, की नेव्हिल प्रायरनं कबूल केलं. त्यानं स्वतःच कौन्सिलला, म्हणजे रस्ते सांभाळणाऱ्या कचेरीला, सांगितलं, मीच गेलो होतो म्हणून. दंडही निमूट भरला.

ही ती राहिलेली गोष्ट. बापानं न केलेला गुन्हा कबूल केला हे ऐकून जॅनीन दोन रात्री झोपली नाही. मग तिच्या मनानं एक पळवाट काढली. त्याला खरंच तसं वाटत असेल. तापात गोंधळ झाला असेल. म्हातारपणी होतं असं. आणि ती पळवाट तिला इतकी सोयीची वाटली, की तिनं ती डॉक्टरलासुद्धा सांगितली. म्हणाली, डॉक्टर, बाबा न केलेल्या गोष्टी केल्या म्हणतो. कुठल्या गोष्टी ते डॉक्टरनं विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. स्वतःचा चिखल बापाच्या डोक्यावर थापायचा म्हणजे काय, तर हेच.

"पण एक सांग," दुसरं चाक काढता काढता कर्ली म्हणाला, "गाडीच हलत होती, तर मग म्हाताऱ्याचे हात चांगले आहेत की! त्याला घरी बसवायचं कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"डॉक्टरच्या," जॅनीन म्हणाली.

आता तरी बोलायचं होतं तिनं. तोंड उघडलंही होतं. पण निघालं ते एवढंच. कर्लीनं डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि ती ऐकत राहिली. निघताना तिनं ते मोठं ढेकूळ उचलून सीटवर ठेवलं.

"कशाला गं तो दगड?"

"असू दे."

परतीच्या रस्त्यावर यूट शंभरला लोण्यासारखी चालत होती. समोरून येणारे नेव्हची गाडी ओळखून बोट उचलत होते. जॅनीनही उचलत होती. प्रत्येक वेळी तिला वाटत होतं, आपण दुसऱ्याच्या ताटातलं खातोय. तिनं खूप वाक्यं जुळवली. गाडी दुरुस्त झाली बाबा, एवढंच सांगायचं का? बाकीचं कशाला? खोली रद्द करायची, लायसन्स ठेवायचं, मेंढ्या परत मागायच्या, सगळं आपोआप ठीक होईल. चिखल कुठला होता हे त्याला कशाला कळायला हवं? मग तिची नजर शेजारच्या ढेकळावर जायची, आणि जुळवलेलं सगळं मोडून पडायचं.

म्हातारा ओट्यावर हत्यारं मांडून बसला होता. पाने, पकडी, लोकर कातरायच्या जुन्या कात्र्या. कुणाला काय द्यायचं ते लावत होता. कुत्रं पायाशी. चहाचा कप समोर होता आणि तो उचलण्याआधी म्हाताऱ्यानं आपली बोटं जरा वेळ हवेत धरून बघितली. गेले तीन महिने तो प्रत्येक कपाआधी असंच करत होता. जॅनीननं ते शंभरदा पाहिलं होतं, आणि शंभरही वेळा त्याचा तिला हवा तोच अर्थ लावला होता.

"आलीस परत? घेतली नाही का त्यानं गाडी?"

तिनं ढेकूळ कात्र्यांच्या मध्ये ठेवलं. म्हाताऱ्यानं बघितलं. हात लावायचीही गरज पडली नाही.

"पेलिकन तळं," तो म्हणाला.

"पुढच्या चाकांत होता. आतून. त्यानं स्टिअरिंग हलत होतं बाबा. तुझे हात नव्हते हलत. कधीच नव्हते." ती एका दमात बोलली, नाही तर थांबली असती. "आणि त्या रस्त्यावरून..."

"तू गेली होतीस."

"तुला ठाऊक होतं?"

"बारा वर्षांत ती गाडी मी एकदाही धुतलेली नाही. तापातून उठून बाहेर आलो तर ही बया चकाकतेय. मला वाटलं, कुणी नवीन आणून लावली."

"मग तू कौन्सिलला का सांगितलंस तूच केलंस म्हणून?"

"कौन्सिलचा मशीनवाला आला होता विचारत. तू त्या दुकानात रोज सगळ्या गावाच्या तोंडासमोर उभी असतेस. मी इथं मेंढ्यांसमोर. मेंढ्या काही बोलत नाहीत." त्यानं ढेकळावरचा एक तुकडा नखानं काढला. "वाटलं, सांगशील कधीतरी."

जॅनीनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पण अजून मुख्य सांगायचं राहिलं होतं, आणि ते याला माहीत नव्हतं हे तिला कळत होतं.

"बाबा, मी डॉक्टरला सांगितलं, तू न केलेल्या गोष्टी केल्या म्हणतोस. तुला आठवत नाही म्हणून."

कुत्र्यानं मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"म्हणून होय," म्हातारा म्हणाला. "म्हणून त्यानं मला आज वार कुठला, पंतप्रधान कोण, शंभरातून सात सात वजा करा, असलं विचारलं. मला वाटलं, सगळ्याच म्हाताऱ्यांना विचारत असतील."

"बाबा..."

"त्या दिवशी निघाली होतीस कुठं?"

खोटं बोलायची आता तिच्यात ताकद नव्हती. "कॅरॅडेलला. ती खोली बघायला."

"जूनमध्येच?"

"हो."

"म्हणजे माझे हात हलायच्या आधी."

"हो." ती रडत होती. "मी दमले होते रे. दर रविवारी इतक्या लांब यायचं, फोन उचलला नाहीस की रात्रभर जीव टांगणीला. तू माणसांत असावास असं वाटत होतं, आणि मग तुझे हात दिसले, आणि मला बरं वाटलं बाबा. खरं सांगते. तुझे हात हलताना बघून मला सुटल्यासारखं झालं. ओरड ना माझ्यावर. काहीतरी बोल."

"कशाला? मेंढ्या बुजतील."

मेंढ्या तर गेल्या सोमवारीच शेजाऱ्याच्या रानात गेल्या होत्या. दोघांनाही ते एकदमच आठवलं आणि दोघंही तिकडे रिकाम्या कुंपणाकडे बघायला लागले.

जॅनीननं डोळे पुसले, यूटची किल्ली त्याच्यासमोर धरली. "ऊठ. चल. लायसन्स अजून तुझ्याच खिशात आहे. एकदा चालवून बघ. मग आपण डॉक्टरकडे जाऊ, मी सगळं सांगते त्याला. कर्लीला सांगते, कौन्सिलला सांगते. कॅरॅडेलला आत्ता फोन करते. तू फक्त चालवून बघ."

म्हाताऱ्यानं टोपी घातली. कुत्रं आपणहून हौद्यात चढलं. ते एकटंच खुशीत होतं.

कच्च्या रस्त्यावरून तो झकास आला. खड्डे चुकवत, एका हातानं, गुणगुणत म्हणा ना. जॅनीनला वाटलं, झालं, बसली घडी. मग डांबरी लागली. साठ. सत्तर. ऐंशी. म्हाताऱ्याचा दुसरा हात आपोआप वर आला आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळलं. पंच्याऐंशीला काटा थांबला.

"जा ना पुढे बाबा. काही होत नाही. मी आत्ता शंभरनं आले."

"माहितीये."

काटा हलला नाही. पेरं पांढरी पडली होती. स्टिअरिंग निवांत होतं, आणि तो मात्र त्याच्या उडण्याची वाट बघत होता. त्याची नजर रस्त्यावर नव्हती, हातांवर होती.

"बाबा, समोर बघ."

समोरून पांढरी गाडी येत होती. शेजारची आयलीन. लांबूनच तिचं बोट उठलेलं दिसलं, आणि ती हसत होती, कारण नेव्ह पुन्हा आपल्या गाडीत दिसला होता. म्हाताऱ्याच्या हातांकडे जॅनीन श्वास रोखून बघत राहिली. उचल, एकच बोट, जरासं. बोट हललं नाही. गाडी जवळ आली. आणि अगदी शेवटच्या क्षणी जॅनीननं बाजूच्या सीटवरून स्वतःचं बोट वर केलं.

आयलीन चकित होऊन बघत निघून गेली.

"खाली कर ते," म्हातारा म्हणाला. "लोक हसतील."

पुढच्या पाण्याच्या टाकीपाशी त्यानं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे परक्याच्या हातांसारखं बघत बसला.

"गाडी बरी झाली गं," तो म्हणाला. "कर्लीला सांग, छान काम केलं. पण मी तीन महिने या हातांवर पहारा करत बसलोय. आता त्यांचा भरवसा वाटत नाही मला. उद्या समोरून शाळेची बस आली आणि मी हातांकडेच बघत राहिलो तर?"

"सवय होईल बाबा. रोज थोडं थोडं. मी येईन रोज."

"रोज येणार? इतक्या लांब?" तो हसला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून तिला जास्तच लागलं. त्यानं किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. "शुक्रवारी तूच ने मला. आणि तो रस्ता मीच फाडला, असंच राहू दे. दंड भरून झालाय. दोघांची तोंडं कशाला काळी करायची?"

ती "नाही" म्हणाली. पुन्हा पुन्हा म्हणाली. पण तो उतरून गाडीला वळसा घालून तिच्या दाराशी येऊन उभा राहिला होता, टोपी हातात धरून, तिनं सरकायची वाट बघत. बाजूला बसायची सवय नसलेला माणूस. आत बसल्यावर हात कुठं ठेवायचे ते त्याला कळेना. शेवटी त्यानं ते मांडीखाली दाबून ठेवले.

जॅनीननं गाडी वळवली. ऐंशी झाले, नव्वद झाले. म्हातारा खिडकीबाहेर बघत होता. ती मनातल्या मनात म्हणत होती, हल, एकदा तरी हल, म्हणजे मला म्हणता येईल की दोष अजून गाडीतच आहे. तिनं शंभर केले, एकशे दहा केले. स्टिअरिंग जरासुद्धा हललं नाही.